हवा सगळ्यांच्या आधी संपते, पोटरीत गोळे येतात : नवीन फिन्स घ्यायच्या का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 44, राहणार पुणे, हाफ मॅरेथॉन पळता, पोहता चांगलं येतं. दोन वर्षांपूर्वी अंदमानात हॅवलॉकला स्कूबा डायव्हिंगचा ओपन वॉटर हा सुरुवातीचा कोर्स केला, नंतर कर्नाटकातलं नेत्राणी आणि मालवण मिळून 11 डाइव्ह झाल्या. दर वेळी ग्रुपमध्ये पहिली हवा तुमची संपते आणि अर्ध्या डाइव्हनंतर पोटरीत गोळे येतात. दोष भाड्याच्या फिन्सचा, म्हणजे पायात घालायच्या लांब पात्यांचा, असावा असं तुम्हाला वाटतं. एक मित्र स्प्लिट फिन सुचवतो, दुसरा जड रबरी जेट फिन. कोणती घ्यावी? सोबत 40 सेकंदांचा व्हिडिओ जोडला आहे.

तो व्हिडिओ मी चार-पाच वेळा पाहिला. माझं उत्तर : आत्ता काहीच विकत घेऊ नका. फिन्समुळे होणारा त्रास तुमच्या एकूण त्रासात तिसऱ्या नंबरवर आहे. पहिला नंबर कमरेच्या शिशाचा (सूट आणि शरीर तरंगतं, म्हणून खाली जाण्यासाठी लावायचं वजन), दुसरा गुडघ्यांचा. मी गेली 17 वर्षं हे शिकवतो आहे, त्यातले सुरुवातीचे काही हंगाम अंदमानात आणि नंतर मालवणात. पळणारी, सायकल चालवणारी, दमदार छातीची माणसं पाण्याखाली सर्वांत आधी दमलेली मी इतक्यांदा पाहिली आहेत, की तुमचा प्रश्न वाचतानाच व्हिडिओत काय दिसणार याचा अंदाज आला होता.

व्हिडिओत दिसतं ते असं. डोकं वर, छाती वर, पाय खाली. जमिनीशी साधारण 40 अंशांचा कोन. प्रत्येक किकला गुडघा पोटाकडे येतो आणि मग पाय खाली दाबला जातो, जिना चढताना दाबतो तसा. सातव्या आणि एकोणिसाव्या सेकंदाला तुमच्या फिनचं टोक तळाला लागून वाळूचा ढग उठतो. हात सतत काहीतरी करताहेत. आणि या सगळ्या खटपटीत तुमच्या शेजारचा खडक जेमतेम दीड मीटर मागे सरकतो.

आधी शिसं. तुम्ही 3 मिमीच्या सूटवर 8 किलो लावलंय. तुमच्या अंगकाठीच्या माणसाला समुद्रात एवढं लागू नये. बोटीवर घाई असते, नवा माणूस खाली जाईना तर डाइव्ह मास्टर आणखी दोन किलो अडकवतो आणि काम भागतं. पण ते जास्तीचं दोन किलो शिसं तोलायला बीसीडीत, म्हणजे हवा भरून तरंगणं सांभाळायच्या जाकिटात, जास्तीची दोन लिटर हवा भरावी लागते. हवा छाती-पाठीशी, शिसं कमरेला. वरचा भाग वर ओढला जातो, खालचा खाली. म्हणून तुम्ही तिरके. आता तिरक्या माणसाने किक मारली की पाणी मागे न जाता खाली-मागे जातं आणि माणूस पुढे-वर जातो. वर जातोय म्हणून तो बीसीडीतली हवा सोडतो, मग बुडायला लागतो, मग न बुडण्यासाठी किक मारतो. तुमच्या निम्म्या किक पुढे जाण्यासाठी नाहीतच, शिसं उचलून धरण्यासाठी आहेत. अशा वेळी पायात जगातली सर्वांत चांगली फिन घातली तरी ती तेच ओझं उचलत राहील.

वजन तपासायची रीत कोर्समध्ये शिकवलेली असते, पण नंतर कोणी करत नाही. डाइव्हच्या शेवटी, सिलिंडरमध्ये 50 बार (बार हे दाबाचं माप) उरलेले असताना, पृष्ठभागावर उभे राहा, बीसीडी पूर्ण रिकामी करा, नेहमीसारखा श्वास घेऊन पाय न हलवता थांबा. पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं पाहिजे आणि श्वास सोडल्यावर तुम्ही सावकाश खाली गेलं पाहिजे. दगडासारखे गेलात तर एक-एक किलो कमी करा. भरलेल्या सिलिंडरवर हीच चाचणी केलीत तर वर साधारण दोन किलो धरा, कारण आपल्याकडचा नेहमीचा 11 लिटरचा अॅल्युमिनियम सिलिंडर 200 बारला भरला की त्यातल्या हवेचंच वजन अडीच किलोच्या पुढे असतं, आणि डाइव्हभर ते कमी होत जातं.

आता पाण्याकडे येतो.

माझे काका होडी वल्हवायचे. मी आठ-नऊ वर्षांचा असताना मला वल्हं हातात दिलं आणि मी ते जोरजोरात पाण्यावर आपटायला लागलो. फेस खूप, होडी जागच्या जागी. काका म्हणाले, "झिला, पाण्याक मारू नको, ढकल." त्यांचं वल्हं पाण्यात जाताना आवाज व्हायचा नाही. ते पूर्ण बुडायचं, सावकाश मागे यायचं, शेवटी किंचित जोर, आणि मग वल्हं बाहेर काढून ते होडीला जाऊ द्यायचे. फिनचं पातं म्हणजे पायाला बांधलेलं वल्हंच आहे, आणि आजही नव्या माणसाला मी आधी तेच वाक्य ऐकवतो.

त्या वाक्यात भौतिकशास्त्र आहे. पुढे जायचं तर पाणी मागे ढकलावं लागतं. 1 किलो पाणी सेकंदाला 2 मीटर वेगाने मागे फेकलं, किंवा 2 किलो पाणी सेकंदाला 1 मीटर वेगाने ढकललं, तर तुम्हाला मिळणारा रेटा सारखाच. पण पहिल्यात खर्च होणारी ऊर्जा 2 ज्यूल आणि दुसऱ्यात 1 ज्यूल. म्हणजे थोडं पाणी जोरात फेकण्यापेक्षा पुष्कळ पाणी सावकाश सरकवणं निम्म्या कष्टात होतं. फिनचा जन्मच यासाठी आहे : पावलाच्या छोट्या क्षेत्रफळाऐवजी मोठं पातं, म्हणजे जास्त पाणी, कमी वेगाने. ती मोठी फिन घालून भरभर छोट्या किक मारणं म्हणजे फिनचा फायदा परत करून टाकणं.

दुसरा हिशोब वेगाचा. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट. त्यात वेग दुप्पट केला की अडथळा चौपट होतो आणि लागणारी शक्ती आठपट. अंतर निम्म्या वेळात कापलं हे खरं, तरी तेवढ्याच अंतरासाठी एकूण चौपट ऊर्जा जाते. रस्त्यावर पळताना तुम्ही थोडा वेग वाढवला तर थोडेच जास्त दमता, ती सवय इथे फसवते. आणि ही ऊर्जा कुठून येते, तर सिलिंडरमधून. 20 मीटरवर दाब 3 बार असतो. शांत माणूस पृष्ठभागाच्या हिशोबाने मिनिटाला 15 लिटर हवा घेत असेल तर तिथे 45 लिटर घेतो. 11 लिटरच्या सिलिंडरमध्ये 50 बार राखून वापरायला साधारण 1,650 लिटर मिळतात, म्हणजे 36-37 मिनिटं. तोच माणूस धडपडत 25 लिटरवर गेला की 22 मिनिटं. तुमच्या आणि तुमच्या बडीच्या, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराच्या, वेळेत जो फरक तुम्ही सांगितलात, त्याचा उगम इथे आहे. फुफ्फुसं मोठी असल्यामुळे हवा जास्त लागते, हे जे तुम्हाला कोणी सांगितलं, त्याने फरक पडतो, पण फार थोडा.

आता पात्याच्या रचनेबद्दल, कारण ते समजलं की दुकानातली निम्मी जाहिरात आपोआप गळून पडते.

आजच्या फिनचा धागा फ्रेंच नौदल अधिकारी लुई द कोर्लिए यांच्यापर्यंत जातो. त्यांनी 1933 साली पेटंट घेतलं. अमेरिकेत ओवेन चर्चिल या शिडाच्या बोटींच्या शर्यतवाल्याने त्यांच्याकडून परवाना घेऊन 1940 च्या सुमारास रबरी फिन्स काढल्या, आणि दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या पाणबुड्या सैनिकांच्या पायात त्या गेल्या. 1964 मध्ये मार्सेलच्या जॉर्ज बेउशा यांनी पायाच्या पुढे झरोके असलेली जेट फिन आणली. तुमचा दुसरा मित्र जी घे म्हणतो ती याच कल्पनेची. साठ वर्षांपूर्वीचा तो आकार आजही गुहेत आणि जहाजाच्या सांगाड्यात उतरणाऱ्यांच्या पायात दिसतो.

पातं काय करतं? वर-खाली किकमध्ये पाय खाली जातो तेव्हा पातं वाकतं आणि त्याचं टोक मागे राहतं. त्या वाकण्यामुळेच पाण्याला तोंड मिळतं ते खाली आणि मागे. पातं अजिबात वाकलंच नाही, लाकडी फळीसारखं राहिलं, तर पाणी फक्त वर-खाली ढवळलं जातं, पुढे जाणं होत नाही आणि सगळा भार पोटरीवर येतो. उलट ते फारच मऊ असेल तर दुमडून पाणी निसटू देतं. पाय हलका वाटतो, माणूस जागचा हलत नाही. म्हणजे पात्याचा कडकपणा हा तुमच्या मांडीच्या ताकदीशी आणि किकच्या वेगाशी जुळावा लागतो. सर्वांसाठी एकच "उत्तम" फिन नसते, याचं मूळ इथे आहे.

कडेच्या जाड पट्ट्या पाणी बाजूंनी सांडू देत नाहीत. मध्ये रबराच्या मऊ पट्ट्या असतील तर जोर आल्यावर पातं पन्हाळीसारखं खोलगट होतं आणि पाणी त्या पन्हाळीतून टोकाकडे जातं. झरोक्यांमुळे पाय परत आणताना पावलापाशी होणारा अडथळा कमी होतो. पातं पावलाच्या रेषेत नसून किंचित खाली कललेलं असतं, कारण आपला घोटा पूर्ण सरळ होत नाही. एवढंच. बाकी रंग आणि नावं.

घोट्याचा मुद्दा तुमच्यासाठी खास आहे. पळणाऱ्यांचे घोटे ताठ असतात. पळताना ते ताठ असणं फायद्याचं, पण फ्लटर किकमध्ये, म्हणजे पाय आळीपाळीने वर-खाली करण्यात, चवडा मागे ताणलेला आणि घोटा सैल हवा असतो. तो ताणला जात नाही म्हणून शरीर गुडघा वाकवून भरपाई करतं, आणि तयार होते सायकल किक. तिच्यात पातं पाण्याला कापत जातं, ढकलत नाही. दिसायला पाय खूप हलतात. आणि चवडा जबरदस्तीने ताणून धरला की पोटरी सतत आवळलेली राहते. पाऊण तास आवळलेला स्नायू, त्यात बोटीवर ऊन, सकाळपासून पाणी कमी प्यायलेलं. गोळा येणारच.

फ्लटर सुधारायची तर जोर खुब्यातून सुरू होऊ द्या. मांडी आधी हलते, मग गुडघा किंचित वाकून मागोमाग, मग घोटा, मग पातं. चाबकाची लाट जशी मुठीपासून टोकाकडे जाते तशी. दोन फिन्सच्या टोकांमधलं अंतर हातभर पुरे. वेग मनात "एक... दोन..." म्हणता येईल इतका. गुडघा वाकू दे, पण तो मुद्दाम वाकवू नका; हा फरक आधी कळत नाही. पोहण्याच्या तलावात काठ धरून पोटावर पडा, एका मित्राला फक्त तुमच्या गुडघ्यांकडे बघायला सांगा आणि पोटाकडे गुडघा आला की पाठीवर टपली मारायला सांगा. दहा मिनिटांत कळतं.

पण तुम्हाला खरं तर मी फ्रॉग किककडे, म्हणजे बेडकासारख्या किककडे, नेणार आहे. तळाजवळ, कमी करंटमध्ये, सावकाश बघत जायचं असेल, म्हणजे आपल्या शंभरातल्या ऐंशी डाइव्हमध्ये, तीच किक योग्य, असं माझं पक्कं मत आहे. तिच्यात दोन गोष्टी आहेत ज्या फ्लटरमध्ये नाहीत : पाणी सरळ मागे जातं, खाली जात नाही, आणि प्रत्येक किकनंतर विश्रांती आहे.

करायची अशी. पोटावर आडवे. मांड्या धडाच्या रेषेत, पोटाकडे अजिबात आणायच्या नाहीत. गुडघे काटकोनात वाकवलेले, त्यामुळे फिन्स तळापासून सर्वांत दूर, अंगाच्या वर. आता घोटे बाहेर फिरवा, पावलं बदकासारखी फाकतील आणि तळवे मागे बघू लागतील. मग पाय बाहेरून मागे आणत दोन्ही तळवे एकमेकांकडे आणा, टाळी वाजवायला निघाल्यासारखे. शेवटी घोटा सरळ करून थोडा झटका. पाणी दोन पात्यांच्या मधून मागे निसटतं. आणि मग थांबा. पाय जुळलेले, शरीर लांब, काहीही न करता पुढे जात राहा. एक, दोन, तीन. वेग मरत आला की गुडघे हळूच वाकवून पहिल्या जागी.

तो थांबण्याचा भाग लोकांना जमत नाही. हात-पाय थांबवले की बुडू असं वाटतं. म्हणूनच मी वजनापासून सुरुवात केली : ज्याचं वजन बरोबर आहे त्यालाच थांबता येतं. काका वल्हं बाहेर काढून होडीला जाऊ द्यायचे, तोच हा क्षण. याच तीन सेकंदांत श्वास मोठा होतो, हृदयाचे ठोके कमी होतात आणि आजूबाजूचे मासे दिसायला लागतात.

चांगले पोहणारे इथे एक चूक करतात, तीही सांगतो. ब्रेस्टस्ट्रोक येणारा माणूस गुडघे पोटाखाली ओढतो. तलावात ते ठीक, पाठीवर सिलिंडर असताना ते ब्रेक लावण्यासारखं आहे. मांड्या पाण्याला आडव्या येतात आणि तुम्ही प्रत्येक किकला अडखळता. दुसरी चूक कात्रीची : एक पाय फ्रॉगचा, दुसरा खाली पडलेला. तुम्हाला ती कळणार नाही, व्हिडिओतच दिसेल. जमिनीवर सराव करायचा तर दिवाणावर पोटावर पडा, गुडघ्यापासून पुढचा भाग कडेबाहेर ठेवा, आणि कोणाला तरी तुमची पावलं हातात धरून वाट दाखवायला सांगा : बाहेर, मागे, जुळवा, थांबा. माझे विद्यार्थी बोटीच्या फळीवर हे करतात, येणारे-जाणारे बघतात, पण पाण्यात गेल्यावर अर्धी मेहनत वाचते.

फ्रॉग किकचा मी एवढा आग्रह का धरतो त्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते आमच्या मालवणचं आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचे खडक उथळ आहेत, आणि कर्ली नदीचं मुख दूर नाही. हंगाम पावसाळ्यानंतरचा, साधारण ऑक्टोबर ते मे, पण सुरुवातीच्या आठवड्यांत गाळ बसलेला नसतो. अशा दिवशी एकाने खाली तोंड केलेल्या फिनने तळ ढवळला की मागच्या चौघांना काही दिसत नाही. एका नोव्हेंबरात माझ्यासोबत तिघं होते, पुढच्याने अशाच तीन-चार किक मारल्या आणि मला हाताच्या अंतरावरचा माझा स्वतःचा डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारं यंत्र) वाचता येईना. मी दोघांचे बीसीडी धरले, तिसऱ्याचे बुडबुडे ऐकून त्याच्यापर्यंत गेलो, सगळे सुखरूप वर आलो. खोली फक्त 8 मीटर होती. तरी तो अर्धा मिनिट मला आजही आठवतो.

आणि प्रवाळ. गाळ प्रवाळावर बसला की त्याला श्वास घ्यायला, खायला जड जातं, आणि फिनच्या कडेचा एक फटका वर्षानुवर्षं वाढलेली फांदी मोडतो. ज्याची फिन लागते त्याला बहुतेक वेळा कळतही नाही, कारण फिनमध्ये स्पर्श नसतो. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. कायदा बाजूला ठेवा. ज्या खडकावर आमच्या गावाची पोटं चालतात तो खडक दर हंगामात थोडा जास्त उघडा दिसतो तेव्हा फार वाईट वाटतं. तुमच्या पायांचं टोक सध्या कुठे आहे, हे प्रत्येक क्षणी माहीत असणं मी किकच्या तंत्राचाच भाग मानतो.

फ्लटर तरीही लागते. करंटविरुद्ध थोडं अंतर कापायचं असेल, जसं अंदमानात डिक्सन्स पिनॅकलला दोर सोडून खडकाच्या आडोशाला जाताना, तेव्हा फ्रॉगमधली विश्रांती परवडत नाही, प्रत्येक थांबण्यात मागे जाल. पण हेही लक्षात ठेवा की 1 नॉट म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर, आणि तेवढ्या करंटविरुद्ध पूर्ण सामानासह फार वेळ टिकेल असा माणूस विरळा. तिथे फिन बदलून उपयोग नसतो. तळाशी खडकाच्या आड जा, करंट तिथे कमी असतो, किंवा करंटबरोबर जाऊन बोटीला बोलवा. खोलवर हवा दाट असते, धापा टाकल्या तरी कार्बन डायऑक्साइड पुरेसा बाहेर जात नाही, घाबरायला होतं. धाप लागली की थांबा, काहीतरी धरा, श्वास जागेवर आणा, मगच पुढचा विचार.

उलटी किक आणि जागच्या जागी वळण्याची किक नंतर शिकाल. उलट्या किकमध्ये पाय लांब करून, पावलं बाहेर फिरवून, फिनच्या वरच्या आणि बाहेरच्या कडेने पाणी स्वतःकडे ओढायचं असतं. फोटो काढणाऱ्यांना ती आलीच पाहिजे. पहिले दोन महिने काहीच हलत नाही, मग एक दिवस अचानक दोन वीत मागे सरकता.

आता फिन्स. तुमचे दोन्ही मित्र त्यांच्या-त्यांच्या पायांसाठी बरोबर बोलताहेत.

स्प्लिट फिनचं पातं मधून चिरलेलं असतं. दोन अर्धी पाती विमानाच्या पंखासारखी काम करतात, छोट्या भरभर फ्लटरमध्ये घोट्यावर आणि गुडघ्यावर भार कमी येतो. ज्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना मी त्याच सुचवतो. पण फ्रॉग किकमध्ये त्या पाणी नीट धरत नाहीत आणि उलटी किक जवळजवळ होतच नाही. तुम्हाला मी ज्या किककडे नेतोय तिच्याशी त्यांचं जमत नाही, म्हणून तुमच्यासाठी नको.

जड रबरी झरोक्याची फिन फ्रॉगसाठी सुंदर. आखूड, रुंद, कडक, मोडत नाही. मी स्वतः कामाला तीच घालतो, कारण मालवणात पाहुण्याला डाइव्ह देताना त्याचा सिलिंडर माझ्या हातात असतो आणि दोघांची किक मी एकटा मारतो. पण जोडीचं वजन दोन किलोच्या वर जातं आणि ती पाण्यात बुडते. थंड देशात ड्रायसूटमध्ये, म्हणजे आत पाणी न येऊ देणाऱ्या सूटमध्ये, पायाकडे हवा जाते, तिथे हे वजन उपयोगाचं. तुमचे पाय आधीच खाली पडतात, त्यांना आणखी ओढायला लावू नका. शिवाय देशांतर्गत विमानात बहुतेक वेळा 15 किलो सामान चालतं, त्याचाही विचार करा.

तुमच्यासाठी : मध्यम कडकपणाचं, मध्यम लांबीचं, सलग पातं, मध्ये रबरी पन्हाळ, टाचेला पट्टा असलेली, पाण्यात साधारण तरंगत-बुडत नाही अशा हलक्या मटेरियलची फिन. टाचेला प्लास्टिक बकलपेक्षा स्टीलच्या स्प्रिंगचा पट्टा घ्या. बकल नेमकं बोट हलत असताना तुटतं. बंद टाचेची, अनवाणी घालायची फिन हलकी आणि स्वस्त असते, बोटीवरून उडी मारून बोटीवरच परत येणार असाल तर उत्तम. पण खडकाळ किनाऱ्यावरून आत जायचं असेल तर बूट हवेतच. आणि फ्रीडायव्हरांच्या, म्हणजे सिलिंडरशिवाय एका श्वासात उतरणाऱ्यांच्या, लांब कार्बन फिन्सचा मोह नको. त्या सरळ खाली-वर जाण्यासाठी आहेत, तळाजवळ वळताना त्यांचं टोक काय-काय मोडेल ते तुम्हाला दिसणार नाही.

माप दुकानात बसून घ्या, जे बूट घालणार तेच घालून. बोटं पुढे दाबली जाऊ नयेत, चवड्याच्या दोन्ही बाजूंना घट्ट पण दुखेल असं नाही. मग पाय हवेत धरून दुसऱ्याला पात्याचं टोक डावी-उजवीकडे हलवायला सांगा. पाऊल आणि फिन एकत्र हलले पाहिजेत. पाऊल आत सुटं फिरत असेल तर तुमची प्रत्येक किक आधी ती फट भरण्यात जाईल, आणि बोटं आवळून फिन धरून ठेवण्यात पोटरी दमेल. तुमच्या भाड्याच्या फिन्स व्हिडिओत टाचेपाशी उचललेल्या दिसतात. गोळ्यांचं हेही एक कारण.

गोळा आलाच तर पोहत राहू नका. बडीला खूण करा, गुडघा सरळ ठेवा, फिनचं टोक हाताने पकडून स्वतःकडे ओढा, म्हणजे पोटरी ताणली जाईल. हात पोहोचत नसेल तर बडी टोक दाबेल. स्नायू सैल झाल्यावर अंगठ्याने थोडं चोळा आणि पुढची दहा मिनिटं फ्रॉग किकच मारा; तिच्यात पोटरीपेक्षा मांडीच्या आतल्या आणि मागच्या स्नायूंना जास्त काम असतं.

सराव असा करा. पुण्यातल्या 25 मीटरच्या तलावात, फिन्स चालत असतील तिथे, मास्क-स्नॉर्केल लावून एक लांबी फ्रॉग किकने जा आणि किक मोजा. वेळ बघू नका, फक्त किक. हात समोर एकमेकांत गुंतवून ठेवा. गेल्या हंगामातल्या माझ्या एका विद्यार्थिनीच्या पहिल्या दिवशी 34 झाल्या, चार आठवड्यांनी 17, आणि फिन्स त्याच होत्या, भाड्याच्या. घरी रोज टाचांवर बसून घोटे मागे ताणा, दोन-दोन मिनिटं, पळून आल्यावर. हे तुम्हाला इतरांपेक्षा जास्त लागेल. पुढच्या डाइव्हला शिसं 6 किलोवर आणून तपासा, आणि बडीला बाजूने, पायांसकट, एक मिनिटाचा व्हिडिओ काढायला सांगा. तो पाठवलात की फिनचं माप आणि कडकपणा नक्की सांगतो.

एक गोष्ट मात्र याच डाइव्हपासून. व्हिडिओच्या शेवटी तुम्ही शिडीपासून चार-पाच मीटरवर असतानाच फिन्स काढून हातात घेतल्या आहेत. असं कधीही करू नका. एक हात शिडीच्या पक्क्या दांड्यावर आल्याशिवाय फिन पायातून काढायची नाही, आणि मास्क व रेग्युलेटर (ज्यातून हवा घेतो तो तोंडातला भाग) बोटीत पाय पडेपर्यंत जागेवरच. दांडा हातातून सुटला आणि पायात फिन नसेल, तर अर्ध्या नॉटच्या करंटमध्येही बोट तुमच्यापासून दूर जाताना फक्त बघत राहावं लागतं.